परांचीवरून पडलेला रंगारी आणि नुकसानभरपाईचा हिशेब: कायदा न्याय्य आहे का?

पावसाळी_गच्ची (धागाकर्ता)

मी डोंबिवलीतील एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इमारतीचे बाहेरून रंगकाम चालू असताना एक रंगारी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, बांबूच्या परांचीवरून खाली पडला. त्याचे वय ३५ आहे, मूळ गाव नांदेड जिल्ह्यात आहे आणि रोजंदारीचा हिशेब केला तर महिन्याला त्याच्या हाती साधारण १८,००० रुपये पडत होते. खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तो आता काठी घेऊन चालतो, पण शिडी चढणे त्याला जमत नाही. डॉक्टरांनी ४० टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचा दाखला दिला आहे.

कंत्राटदाराने रुग्णालयाचे बिल भरले, हे मान्य करायलाच हवे. आता त्याने ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एक मसुदा आणला आहे. रुग्णालयाच्या खर्चाव्यतिरिक्त ५०,००० रुपये रोख मिळाले असून यापुढे आपली कोणतीही मागणी राहिलेली नाही, असे त्यात रंगाऱ्याच्या तोंडी लिहिले आहे, आणि साक्षीदार म्हणून सोसायटीचा सचिव व खजिनदार यांच्या सह्या हव्या आहेत. कमिटीतील बहुतेकांचे मत असे की कंत्राटदार माणुसकीने वागला आहे, तर आपण कशाला आडकाठी करायची?

सही करण्याआधी मी कामावरील अपघातांच्या भरपाईसाठी असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा हिशेब मांडून पाहिला. कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे असते. वेतन कितीही जास्त असले तरी हिशेबापुरते ते १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ३५ वर्षांसाठी गुणक १९७.०६ आहे. म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६, अर्थात १७,७३,५४० रुपये, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे ७,०९,४१६ रुपये. एकीकडे सात लाख आणि दुसरीकडे पन्नास हजार, एवढी तफावत पाहून मी सही थांबवली आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. असा तडजोडीचा कागद कायद्यापुढे टिकतो का? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, कायद्याने ठरवलेले ते सात लाख तरी न्याय्य आहेत का? ज्याची उपजीविकाच उंचावर चढण्यावर आहे, त्याच्या बाबतीत ४० टक्के या आकड्याचा अर्थ काय होतो?

रामप्रहर

कामगार न्यायालयात वकिली करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कृपया सही करू नका. कलम १७ नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा मालकाची जबाबदारी कमी करणारा कोणताही करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. तडजोड करायला कायद्याची ना नाही. पण कलम २८ प्रमाणे तिचे निवेदन मालकाने आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवून नोंदवून घ्यावे लागते, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दडपण आणून सही घेतली आहे असे दिसले तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीच केली नाही, तर कलम २९ मालकाला पूर्ण भरपाईसाठी जबाबदार धरते आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावटही त्याला मिळत नाही. १०० वर्षांपूर्वी ही कलमे लिहिणाऱ्यांना स्टॅम्पपेपरवरच्या तडजोडी चांगल्याच ठाऊक असाव्यात.

रुग्णालयाचे बिल भरले हा मोठेपणा म्हणून मांडला जातो, पण २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे ही मालकाची स्वतंत्र जबाबदारी आहे आणि ती भरपाईच्या रकमेत मिसळता येत नाही. एका मजल्याहून उंच इमारतीची देखभाल व दुरुस्ती करणारे कामगार दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे रंगारी या कायद्याखाली येतो की नाही हा वाद उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी अपघात त्याआधीचा असल्याने तुमचे प्रकरण जुन्या कायद्यानेच चालेल.

आता ४० टक्क्यांविषयी. कायदा भरपाई देतो ती कमाई करण्याची क्षमता किती घटली यावर, शरीर किती टक्के निकामी झाले यावर नव्हे. पहिल्या अनुसूचीत नोंदलेल्या इजांचे टक्के ठरलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तर्जनी पूर्ण गेली तर १४. खुब्याचे हाड मोडणे या यादीत नाही, त्यामुळे डॉक्टरांना कमाईच्या क्षमतेतील घट स्वतंत्रपणे ठरवून द्यावी लागते. तुमच्याकडे असलेला दाखला बहुधा शरीराच्या अपंगत्वाचा आहे. दोन्ही आकडे एकच मानले जातात आणि तेथेच कामगाराचे लाखो रुपये बुडतात.

या मुद्द्यावरचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात दिला. ओडिशात एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. ही इजा अंशतः अपंगत्वाची आहे, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची क्षमता १०० टक्के गेली आहे. तुमच्या रंगाऱ्यासाठी हाच युक्तिवाद करता येईल. तो मान्य झाला तर हिशेब सात लाखांचा राहत नाही, सतरा लाख त्र्याहत्तर हजारांचा होतो.

लेथमशीन

माझा नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे, त्यामुळे मी येथे अल्पमतात असणार हे गृहीत धरूनच लिहितो.

या कायद्याचा मूळ सौदा मला न्याय्य वाटतो. कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरेसे असते. त्या बदल्यात मालकाची जबाबदारी एका सूत्रात बांधलेली असते. सूत्र नसते तर माझ्यासारख्या १५ माणसांच्या कारखान्याला एका अपघाताने टाळे लागले असते आणि उरलेल्या १४ जणांचा रोजगार गेला असता. वेतनाची मर्यादा अन्यायकारक वाटते हे मी समजू शकतो, पण विमा कंपनीला हप्ता ठरवता येतो तो जबाबदारीला अशी सीमा असते म्हणूनच.

शिवाय पूर्ण अपंगत्वाची रक्कम अगदीच तुटपुंजी आहे असे म्हणणे मला पटत नाही. १७,७३,५४० रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले तर महिन्याला सुमारे १०,३०० रुपये येतात आणि मुद्दल शाबूत राहते. प्रश्न कायद्यातील आकड्यांचा कमी आणि तो न पाळणाऱ्या कंत्राटदारांचा जास्त आहे.

एक प्रश्न विचारतो आणि तो बोचरा आहे हे मला माहीत आहे. रंगकामाच्या निविदा उघडल्या तेव्हा तुमच्या कमिटीने सर्वांत कमी दराची निविदा निवडली होती का? कामगारांचा विमा काढणाऱ्या आणि लोखंडी परांची बांधणाऱ्या कंत्राटदाराचा दर त्याहून वर असतो.

जुनी_गिरणी

लेथमशीन, शेवटचा प्रश्न चोख आहे. मात्र सौद्याविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण त्या सौद्यात कामगाराने काय सोडले याची आठवण आता फारशी कोणी ठेवत नाही.

१९२३ पूर्वी अपघातात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबापुढे १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता, आणि त्यात मालकाचा दोष सिद्ध करावा लागे. सहकाऱ्याच्या चुकीने अपघात झाला तर मालक सुटे. धोका माहीत असून काम पत्करले म्हणूनही तो सुटे. हे विलायती न्यायालयांतून आलेले बचाव होते. १ जुलै १९२४ पासून नवा कायदा अमलात आला आणि दोषाचा प्रश्न बाजूला पडला. मुंबईच्या गिरण्यांत पट्ट्यात हात गेलेल्या माणसाला ही फार मोठी गोष्ट होती, यात शंका नाही. पण त्या बदल्यात वेदना, कुटुंबाची परवड, पुढच्या काळातील वाढलेली मजुरी यांपैकी कशाचाही हिशेब होणार नाही, हे त्याने मान्य केले.

ज्या सौद्यात एका पक्षाचा वाटा सूत्राने ठरतो, त्या सूत्रातील आकडे काळाबरोबर हलले पाहिजेत. ही वेतनमर्यादा डिसेंबर २००० मध्ये ४,००० रुपये झाली, मे २०१० मध्ये ८,००० आणि जानेवारी २०२० मध्ये १५,०००. मधली साडेनऊ-दहा वर्षे ती जागची हलत नाही. ज्याचा अपघात डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि ज्याचा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, त्या दोघांच्या भरपाईत जवळपास दुपटीचे अंतर पडले, आणि त्याला अधिसूचनेची तारीख सोडली तर दुसरे कारण नव्हते. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारता येतो, तर ही मर्यादा महागाई निर्देशांकाला जोडता येत नाही असे म्हणणे मला तरी पटत नाही.

तात्पुरत्या अपंगत्वाचे पाहा. अंथरुणावर असताना कामगाराला दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, आणि तेही १५,००० च्या निम्मे. धागाकर्त्यांनी विचारून पाहावे, या रंगाऱ्याला त्या काळातले ७,५०० रुपये तरी कोणी दिले का? बहुतेकांना असा हक्क आहे हेच माहीत नसते. २०१७ च्या दुरुस्तीने कामावर ठेवतानाच कामगाराला या हक्कांची माहिती, त्याला समजेल अशा भाषेत, लेखी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. नाक्यावरून उचललेल्या मजुराला असा कागद दिलेला मी अजून पाहिलेला नाही.

पावसाळी_गच्ची

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. लेथमशीन यांच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. सर्वांत कमी दराचीच निविदा निवडली गेली आणि कामगारांच्या विम्याविषयी एकाही सभासदाने विचारणा केली नाही. महिन्याच्या निम्म्या वेतनाचेही चौकशीअंती उत्तर मिळाले: काहीही दिलेले नाही.

काल कंत्राटदाराशी पुन्हा बोलणे झाले. त्याचा नवा पवित्रा असा की कमरेचा पट्टा दिलेला होता, रंगाऱ्याने तो लावला नाही, म्हणून कायद्याने आपण काहीच देणे लागत नाही आणि ५०,००० हे केवळ दयेपोटी आहेत. पट्टे खरोखर होते, आमच्या वॉचमनच्या खोलीत ठेवलेले होते. त्यांचे दोर बांधायला इमारतीवर भक्कम जागा केलेली मात्र मला आढळली नाही.

रामप्रहर

पट्ट्याचा बचाव अपेक्षितच होता. कलम ३ मध्ये तीन अपवाद आहेत: कामगार नशेत असणे, सुरक्षेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाचे जाणूनबुजून उल्लंघन करणे, आणि सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकणे किंवा त्याकडे दुर्लक्ष करणे. येथे ‘जाणूनबुजून’ याला वजन आहे. निष्काळजीपणा, घाई, सवयीने आलेली बेफिकिरी यांना हा अपवाद लागू होत नाही आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. ज्याचा दोर बांधायला जागाच नाही असा पट्टा दिला, हे सुरक्षा साधन दिल्याचे लक्षण आहे असे मी तरी कोणत्याही न्यायाधीशापुढे कबूल करणार नाही. त्या जागेची छायाचित्रे आजच काढून ठेवा.

येथे कायद्याची एक विचित्र बाजू दिसते आणि धाग्याच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. कामगाराचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे तिन्ही अपवाद मालकाला वापरता येत नाहीत. अपंगत्व अंशतः असेल तरच ते लागू होतात. यामागचा विचार दयेचा आहे, हे उघड आहे: सर्वस्व गेलेल्याला चुकीची शिक्षा नको. पण त्याचा परिणाम असा होतो की तोच माणूस, तोच पट्टा आणि तीच परांची असताना, दाखल्यावर १०० लिहिले तर पट्ट्याचा प्रश्न निघत नाही, आणि ४० लिहिले तर सगळी भरपाईच धोक्यात येते. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचे भवितव्य डॉक्टरांच्या एका आकड्यावर लटकते, आणि हाडाचा डॉक्टर रंगाऱ्याचे काम नेमके कसे चालते हे पाहून तो आकडा लिहितो असा अनुभव नाही.

केतकीचे_बन

मी विमा क्षेत्रात दाव्यांच्या विभागात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. या चर्चेत विम्याविषयी जो समज दिसतो त्याबद्दल लिहितो.

१९२३ च्या कायद्यात मालकावर विमा काढण्याची सक्ती नाही. मोटारीसाठी विमा सक्तीचा आहे, पण चार मजल्यांच्या उंचीवर माणसे चढवणाऱ्यासाठी तो नाही, ही माझ्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी त्रुटी आहे. जबाबदारी कागदावर कितीही ठोस असली, तरी कंत्राटदाराकडे दोन शिड्या, काही बांबू आणि भाड्याचा गाळा एवढेच असेल तर कामगार वसूल काय करणार?

जे विमा काढतात त्यांच्याही बाबतीत सारे आलबेल असते असे नाही. हप्ता हा एकूण जाहीर केलेल्या वेतनावर ठरतो, म्हणून १२ माणसे असताना ४ दाखवायची आणि मजुरी कमी लिहायची, ही प्रथा बांधकामाच्या धंद्यात सर्रास आहे. अपघात झाला की पडलेला माणूस त्या चारांतला होता की नाही, यावर वाद सुरू होतो. मस्टर, म्हणजे हजेरीपट, नसते, मजुरी रोख दिलेली असते आणि मुकादम साक्षीला येत नाही. कामगाराने स्वतःला कामगार म्हणून सिद्ध करणे हीच मग पहिली लढाई होते.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. भरपाई देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज द्यावे लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर आयुक्त रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले की मुद्दल आणि व्याज विमा कंपनीने भरायचे, पण दंड मालकाच्या खिशातून जायला हवा. तो दंड खरोखर लावला गेला तर अर्ध्या तडजोडी आपोआप बंद होतील. माझ्या नोकरीत मी तो लावलेला पाहिला आहे, पण क्वचितच.

नेकारकाठ

मी गेली अनेक वर्षे स्टुटगार्टमध्ये एका यंत्रनिर्मिती कारखान्यात काम करतो. जर्मनीत अपघात विमा १८८४ पासून सक्तीचा आहे आणि त्याची सर्व वर्गणी मालक भरतात. प्रत्येक उद्योगासाठी मालकांची एक विमा संस्था असते. वर्गणी त्या धंद्याच्या धोक्यानुसार ठरते, आणि ज्या कारखान्यात अपघात जास्त त्याला जादा भार सोसावा लागतो. म्हणून विमा संस्थेचाच निरीक्षक येऊन यंत्रावरचे संरक्षण तपासतो, कारण अपघात झाला तर पैसे तिचेच जाणार असतात. पूर्ण अपंगत्व आल्यास आधीच्या वार्षिक कमाईच्या दोन तृतीयांश एवढे निवृत्तिवेतन मिळते, आणि मालक दिवाळखोर झाला म्हणून ते थांबत नाही.

तेथेही मालकावर सहसा दावा लावता येत नाही, म्हणजे लेथमशीन म्हणतात तोच सौदा तेथेही आहे. कमाईची क्षमता २० टक्क्यांहून कमी घटली असेल तर निवृत्तिवेतनही मिळत नाही, त्यामुळे सगळे आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की जखमी माणसाला मालकाकडे पैसे मागायला जावे लागत नाही.

लेथमशीन

त्यासाठी स्टुटगार्टला जाण्याची गरज नाही, आपली राज्य कामगार विमा योजना तत्त्वतः तेच करते. माझे ज्या कामगारांचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी मी वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो आणि ते स्वतः ०.७५ टक्के भरतात. अपघात झाला तर महामंडळ वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ देते. अंशतः कायमचे अपंगत्व असेल तर त्या प्रमाणात, पण तहहयात. १४,००० रुपये मिळवणाऱ्या माणसाची दोन बोटे गेली तर सुमारे २,५०० रुपये दरमहा, आयुष्यभर. त्यानंतर तो १९२३ च्या कायद्याखाली माझ्यावर दावा लावू शकत नाही, आणि मला रात्री झोप लागते.

मला खटकते ते निराळेच. माझ्या प्रेसवर सेन्सर आणि गार्ड आहेत आणि त्यामुळे माझे उत्पादन थोडे कमी निघते. शेजारच्या गाळ्यात गार्ड काढून ठेवले आहेत. वर्गणीचा दर मात्र दोघांनाही ३.२५ टक्केच आहे. नेकारकाठ यांनी सांगितलेली जादा भाराची तरतूद येथे आली, तर त्याला माझ्यासारख्या मालकांचाच पाठिंबा सर्वांत आधी मिळेल.

हरभऱ्याचे_झाड

मी मोटार अपघात न्यायाधिकरणात कारकून आहे, म्हणून एक तुलना मांडतो.

समजा हा रंगारी परांचीवरून पडला नसता आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर एखाद्या टेम्पोने त्याला उडवले असते. इजा तीच, माणूस तोच. न्यायाधिकरणात त्याची वार्षिक कमाई २,१६,००० धरली असती. वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले असते, म्हणजे ३,०२,४०० रुपये. ३५ वर्षांसाठी गुणक १६. कमाईतील घट ४० टक्केच धरली तरी रक्कम १९,३५,३६० रुपये होते. त्यात वेदना, उपचार आणि देखभालीचा खर्च वेगळा मिळतो. कामगार कायद्याचा आकडा आहे ७,०९,४१६.

टेम्पोचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि रंगाऱ्याची चूक निघाली तर रक्कम कापली जाते, हा फरक आहे आणि तो मी लपवत नाही. तरीही पावणेतीन पट तफावतीचे समर्थन एवढ्याने होत नाही. न्यायालयांनी मोटार अपघातांचे सूत्र निकालांमधून वाढवत नेले, भविष्यातील कमाई धरली, प्रत्यक्ष उत्पन्न धरले. कामगारांचे सूत्र मात्र कायद्यात आणि अधिसूचनेत कोंडलेले असल्याने न्यायाधीशांना तेथे हात घालता येत नाही. जखमी माणूस रस्त्यावर होता की परांचीवर, यावर त्याच्या खुब्याची किंमत ठरावी, हे मला कधीच समजलेले नाही. मालक वाहनाचा असेल आणि चालक त्याचा कामगार असेल, तर दोहोंपैकी एक कायदा निवडण्याची मुभा आहे. रंगाऱ्याला ती नाही.

जुनी_गिरणी

हरभऱ्याचे झाड यांनी मांडलेली तुलना इतकी स्पष्ट आहे की तिच्यापुढे वेतनमर्यादेचे समर्थन मला तरी करता येणार नाही. कामावर येता-जाता होणाऱ्या अपघातांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निकालाचाही येथे उल्लेख व्हावा. मराठवाड्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलने निघाला असताना २००३ मध्ये रस्त्यात मरण पावला. आयुक्तांनी त्याच्या कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि प्रवास व नोकरी यांचा वेळ, जागा आणि परिस्थितीने संबंध जुळत असेल तर असा अपघात कामावरचाच मानावा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. कायद्याचा अर्थ विस्तारला, हे स्वागतार्ह आहे. पण त्या कुटुंबाची २२ वर्षे गेली, आणि रक्कम ठरली ती २००३ च्या वेतनावर.

रामप्रहर

विलंबाविषयी लिहिणारच होतो. २००९ च्या दुरुस्तीने आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात आणि त्यांच्यापुढे बडतर्फीपासून थकीत वेतनापर्यंत सर्व प्रकरणे असतात, त्यामुळे ती मुदत क्वचितच पाळली जाते. निकाल लागल्यावर मालकाने पैसे भरले नाहीत तर रक्कम महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करायची तरतूद आहे. प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून तहसीलदारांकडे, आणि कंत्राटदाराने तोवर गाळा बदललेला असतो. म्हणूनच मी माझ्या पक्षकारांना कधीकधी पूर्ण हक्काहून कमी रकमेची, पण आयुक्तांपुढे नोंदवलेली तडजोड करायचा सल्ला देतो. तो सल्ला देताना मला समाधान वाटत नाही, मात्र चार वर्षांनी मिळणाऱ्या सात लाखांपेक्षा या महिन्यात मिळणारे पाच लाख त्या घराला अधिक उपयोगी पडतात, हे मी नाकारू शकत नाही.

पावसाळी_गच्ची, आता तुमच्या सोसायटीविषयी. कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाने आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करून घेतले, तर कामगार थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकतो. रंगकाम हा सोसायटीचा धंदा नाही, त्यामुळे हे कलम तुम्हाला लागू होत नाही, असा युक्तिवाद तुमचा वकील करेल आणि तो कदाचित यशस्वीही होईल. कायद्याच्या न्याय्यतेविषयीचा तुमचा प्रश्न मला येथे सर्वांत अवघड वाटतो: ज्यांच्या भिंतीसाठी तो चढला ते मोकळे, आणि ज्याच्याकडे काही नाही तो कंत्राटदार जबाबदार.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. कामगार जेथे राहतो तेथील आयुक्तांपुढेही दावा लावता येतो, म्हणजे त्याला नांदेडहून प्रत्येक तारखेला ठाण्याला येण्याची गरज नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी आहे का तेही पाहा. मात्र मंडळाची अपंगत्वाची मदत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वासाठी आहे, त्यामुळे सध्याच्या दाखल्यावर ती मिळणार नाही.

पावसाळी_गच्ची

रविवारी कमिटीची बैठक झाली. साक्षीदार म्हणून सही करायची नाही, हे तीन विरुद्ध चार मतांनी ठरले. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता सोसायटीकडे बाकी आहे आणि करारनाम्यात कामगारांच्या देण्यांसाठी रक्कम रोखून ठेवण्याची अट सुदैवाने छापील मजकुरात होती, म्हणून तो हप्ता तूर्त थांबवला आहे. तडजोड करायची असेल तर ती आयुक्तांपुढे नोंदवावी, असे पत्र कंत्राटदाराला दिले. त्याने उत्तर दिलेले नाही, पण दुसऱ्याच दिवशी ५०,००० चा आकडा दीड लाखावर गेला.

रंगाऱ्याच्या पत्नीला मी पहिल्या अनुसूचीविषयी आणि कमाईच्या क्षमतेच्या दाखल्याविषयी समजावून सांगितले. त्यांनी विचारले की हा दुसरा दाखला कोणता डॉक्टर देईल, आणि शिडी चढता येत नाही हे तो लिहील का. रामप्रहर, ठाणे किंवा नांदेड परिसरात असा दाखला देताना कामाचे स्वरूप विचारात घेणारे अस्थिरोगतज्ज्ञ आपल्या माहितीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. दाव्यासोबत छायाचित्रे, माझे प्रतिज्ञापत्र आणि वॉचमनचा जबाब जोडणार आहोत. पट्टे त्याच्या खोलीत कुलूपबंद होते, हे तो सांगायला तयार आहे.